घराची जादा किल्ली कुणाकडे ठेवता?

सदाफुली
मंडळी, प्रश्न साधाच आहे. घराची जादा किल्ली तुम्ही कुणाकडे ठेवता? नातेवाईक सोडून सांगा.

विचारायचं कारण, यंदा गणपतीला दहा दिवस रत्नागिरीला जायचंय. रावेतच्या या फ्लॅटमध्ये येऊन बराच काळ झाला, पण बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला कुणाला सांगावं म्हणून आठवायला बसले तर एक नाव सुचेना. कढीपत्ता, मोगरा आणि सासूबाईंनी दिलेला सोनटक्का आहे. समोरच्यांच्या कुत्र्याचं नाव मला ठाऊक आहे, त्यांचं स्वतःचं नाही. लिफ्टमध्ये हसतो, 'आज फार उकडतंय ना' म्हणतो आणि आपापल्या मजल्यावर उतरतो.

लहानपणी चिपळूणला आई रोज कुणाकडे ना कुणाकडे पिटाळायची. विरजण आण, पुरणयंत्र आण, चकलीचा सोऱ्या परत देऊन ये. सिलिंडर अवेळी संपला की शेजारचा भरलेला घरंगळत आणायचा. आता घरात पाइपचा गॅस, आणि दही दहा मिनिटांत दारात. कुणाचं कुणावाचून अडत नाही, मग ओळख व्हायची कशी? मला वाटतं मागायची सवय सुटली आणि तिच्याबरोबर शेजारपाजारची मैत्रीही गेली. पटतंय का? आणि किल्लीचं काय ते सांगाच.

तिरकस
आमची जादा किल्ली दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, डाव्या गमबुटात. हे घरच्यांना, मावशींना, पेपरवाल्याला आणि आता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

लिंबूटिंबू
@तिरकस, पत्ता पण टाका की.

पावणेआठची_लोकल
सोसायटीत माझीही कुणाशी फार ओळख नाही. किल्ली आहे ती डब्यातल्या मैत्रिणीकडे. म्हणजे लेडीज डब्यातल्या.

सदाफुली, शेजार काय भिंतीला भिंत लागलेलाच असतो का? आमचा चाकांवर आहे. डोंबिवलीहून निघायचं, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवायचं, घाटकोपरला उतरणारीच्या जागेवर कोण बसणार हे कल्याणहून येणारीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्यावरून भांडणंही होतात, अगदी आठ-आठ दिवस अबोला. पण गवार, मेथी निवडून होते, डोहाळजेवणं होतात, दसऱ्याच्या आधी डबा सजवून पूजा होते.

मागे माझे सासरे बाथरूममध्ये पडले. खुब्याचं ऑपरेशन. मी गाडीत फक्त 'उद्यापासून येत नाही गं' म्हटलं, बाकी काही मागितलं नव्हतं. एकीची बहीण नर्स आहे. विम्याचे कागद कुठल्या खिडकीवर आधी द्यायचे, डिस्चार्जच्या दिवशी सकाळी कुणाच्या मागे लागायचं, हे सगळं तिनं फोनवर सांगितलं. दुसरीनं आईचा वापरून झालेला वॉकर संध्याकाळच्या गाडीनं डोंबिवलीला आणून दिला. त्या वॉकरच्या एका पायाचं रबर झिजलंय, तिथं कुणीतरी पांढऱ्या तेलाच्या बाटलीचं बूच ठोकून बसवलंय. सासरे चालायला लागले तेव्हा तो पुढं मुलुंडला गेला. सध्या कळव्याला आहे म्हणे.

बोरिवली_स्लो
लोकल ताईंना +१. आमच्या पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. आमचा ग्रुप जवळपास तेव्हापासूनचा. निम्म्या जणी निवृत्त झाल्या, दोघींनी पालघरला घरं घेतली, तरी भिशी चालू आहे. रक्कम किरकोळ. पैशासाठी लावलेलीच नाही ती. नंबर कुणाचा यापेक्षा या महिन्यात कुणाच्या घरी जमायचं हे महत्त्वाचं.

अवलिया
मला हा सगळा गळे काढण्याचा प्रकार वाटतो. कुंड्यांना पाणी घालायला माळी मिळतो, पैसे द्यायचे, विषय संपला. कुणाचे उपकार नाहीत, परतफेडीचं ओझं नाही. शेजाऱ्याला किल्ली द्या, मग तो जाताना त्याची मांजर तुमच्याकडे. ज्यांना आठवणींचे कढ येतात त्यांना ते पुरणयंत्र परत देताना 'पाती बोथट झाली' म्हणून ऐकवलेले टोमणे आठवत नाहीत बहुतेक.

सदाफुली
@अवलिया, टोमणे आठवतात. आईनं स्वतःचं पुरणयंत्र त्यातूनच घेतलं. पण त्यानंतर त्या काकू आमच्याकडं यायला लागल्या मागायला.

कोल्हापूरचा_ठसका
ओझं म्हणताय तेच तर कामाचं आहे अवलिया भाऊ. आमच्याकडं पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला भाताच्या लावणीला पैरा करत्यात. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही. ज्याच्या रानात काम, त्याच्याकडं जेवण. आपल्याला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस धाडायचं, पण पैरा फेडायचाच. न फेडणाऱ्याला कोण बोलत नाही, फक्त पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोण फिरकत नाही.

पॉवर टिलर आल्यावर चिखलणीचं काम सुटलं, लावणी अजून बऱ्याच ठिकाणी पैऱ्यानंच होत्या. आणि एक सांगतो, पैरा फक्त दोस्तांचा नसतोय. ज्याच्याशी बांधावरनं भांडण आहे त्याच्याबरबर पण असतोय. गुडघाभर चिखलात शेजारी शेजारी वाकून रोप लावायचं म्हटल्यावर किती येळ तोंड फिरवून राहणार माणूस?

भटकभवानी
जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी वस्त्यांवर पडकई हा असाच प्रकार ऐकला-पाहिला आहे. उतारावर दगडाचे बांध घालून भातखाचरं करायची, एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातलं ते काम नाहीच. त्यामुळं सगळी वस्ती आळीपाळीनं एकेकाचं खाचर उभं करते. इर्जिक वेगळी. त्यात परतफेडीचा हिशोब तेवढा कडक नसतो, शेजारचे आपापले बैल-नांगर घेऊन येतात, दिवसभर नांगरतात, रात्री जेवणावळ. कोल्हापूरकर, चुकत असेन तर सांगा.

कोल्हापूरचा_ठसका
बरोबर हाय. इर्जिकीत जेवणाकडं लक्ष जास्त. :)

अवांतर
धाग्याच्या मूळ मुद्द्याला जुना पुरावा आहे. बेंजामिन फ्रँकलिननं आत्मचरित्रात एक किस्सा दिलाय. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात एक सदस्य त्याच्या विरोधात होता. फ्रँकलिननं त्याची खुशामत केली नाही, उलट त्याच्याकडं असलेलं एक दुर्मीळ पुस्तक काही दिवसांसाठी वाचायला मागितलं. त्यानं लगेच पाठवलं, यानं आठवडाभरात आभाराची चिठ्ठी जोडून परत केलं, आणि पुढं दोघांची आयुष्यभर मैत्री टिकली. म्हणजे ज्याला आपण मदत करतो तो आपल्याला आवडायला लागतो. विरजण मागणाऱ्या आया हे न वाचताच जाणून होत्या.

दुसरं, कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा अभ्यास. ओळखीचा माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, मित्र व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. लिफ्टमधल्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटांनी ते कधी भरायचे?

तिरकस
आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभांचे तास मोजले तर एव्हाना आम्ही सगळे जिवलग असायला हवे होतो. पार्किंगच्या एकाच विषयावर ९० झाले असतील. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'एकमेकां साह्य करू, अवघे धरू सुपंथ' रंगवलंय आणि बरोबर त्याच्याखाली कुणाच्या गाडीनं कुणाची जागा अडवली याचे फोटो चिकटवलेत. तुकोबांनी सहकार कायदा वाचला असता तर दुसरी ओळ 'मेंटेनन्स वेळेत भरू' अशी घातली असती.

ठोंब्या
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

उंबरठा
बराच वेळ लिहू की नको असा विचार करत होते.

सगळ्यांच्या आठवणीतल्या वाट्या छान आहेत. आमच्याही आहेत. तालुक्याच्या गावी सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. शेजारच्या काकू फार प्रेमळ, दर सणाला ताट यायचं. आई रिकामं ताट परत द्यायची नाही, तिच्या हातच्या करंज्या असायच्या. एकदा मी निरोप द्यायला त्यांच्या मागच्या दारानं गेले तर करंज्या गोठ्याशेजारी कोंड्याच्या टोपलीत पडलेल्या. आमचं आलेलं भांडं मोरीबाहेरच्या खिळ्याला वेगळं टांगलेलं. आईला मी हे सांगितलं नाही. तिला माहीत असणार असं आता वाटतं.

पुण्यात भाड्यानं घर शोधताना एजंटनं आधी आडनाव विचारलं, मग 'मालक फॅमिलीच बघतायत' म्हणाला. मी फॅमिलीच होते. तेव्हा दहा मिनिटांत दही आणून देणारा मुलगा आडनाव विचारत नाही, याचं मला दुःख होत नाही. मोकळं वाटतं. अवलियांच्या प्रतिसादाला एवढ्यापुरती मी सहमत आहे.

जादा किल्ली ऑफिसातल्या मैत्रिणीकडे. तिचं घर माझ्यापासून दोन बस बदलून आहे, तरी तिच्याकडेच.

सदाफुली
@उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत. मी वर 'शेजारपाजारची मैत्री गेली' म्हणाले, ती कुणाकुणाच्या वाट्याला मुळात आलीच नव्हती हे माझ्या मनात नव्हतं.

गणोबा
ताई, आता तसं राहिलं नाही हो. शहरात कोण बघतंय जात?

उंबरठा
@गणोबा, एजंट.

कुंदा
+१. आणि अजून एक दबकी बाजू. ही 'देवघेव' पूर्वी कोण चालवायचं? बायका. विरजण बाईनं मागायचं, बाईनं द्यायचं, शेजारचं तान्हं बाईनं सांभाळायचं. बाबा लोक संध्याकाळी पेपर वाचून 'आमच्या वाड्यात काय एकोपा होता' म्हणायला मोकळे. माझ्या मुलाला शाळेच्या बसवरून उतरवून घ्यायला दोन वर्षं खालच्या मजल्यावरची मैत्रीण होती. पिकअप कार्ड तिच्याकडेच असायचं, मुलगा तिच्याकडेच वरणभात खायचा. मी तिच्या आईला दर शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे. आमच्या दोघींच्या नवऱ्यांना एकमेकांची नावं माहीत होती, बस्स.

आळशी_बाबा
@कुंदाताई, गुन्हा कबूल. पण पुरुषांचीही असते हो, ती दिसत नाही. मी बाइक ढकलत घरी येताना दिसलो तर आमच्या कट्ट्यावरचा एकही विचारत नाही 'काय झालं'. मुकाट्यानं एक जण आपली गाडी बाजूला लावतो, पाय माझ्या सायलेन्सरशेजारी टेकवतो आणि टोचन देत थेट गॅरेजपर्यंत नेतो. वाटेत शिव्या देतो. त्यालाच आमच्यात आपुलकी म्हणतात.

ऱ्हाईनकाठी
इथं ड्युसेलडॉर्फमध्ये जादा किल्ली शेजारी ठेवणं ही हौस नाही, गरज आहे. फ्लॅटच्या दाराला बाहेरून मूठ असते, ती फिरतच नाही. कचरा टाकायला गेलात आणि मागं दार ओढलं गेलं की संपलं. किल्लीवाला बोलावला, त्यातून रविवार किंवा रात्र असली, की बिल बघून घाम फुटतो. म्हणून आल्या-आल्या इमारतीतलं एक माणूस गाठावंच लागतं.

मला खालच्या मजल्यावरच्या आजी मिळाल्या. ओळख झाली ती पार्सलमुळं. आपण घरी नसलो तर कुरिअरवाला पार्सल शेजाऱ्याकडं देतो आणि आपल्या पेटीत चिठ्ठी टाकतो, अमक्याकडे आहे म्हणून. आईनं पाठवलेलं गोडा मसाल्याचं खोकं त्यांच्याकडं गेलं. त्यांनी ते बाल्कनीत ठेवलं होतं, वासामुळं. मी शरमेनं अर्धमेली. पण त्यांनी आत बोलावून विचारलं, हे कशात घालतात? पुढच्या वेळी मी आमटी घेऊन गेले. त्यांना तिखट लागली, पण वाटी धुऊन त्यात घरची प्लमची जॅम भरून आली. आपल्याकडंच रिकामं भांडं देत नाहीत असं मी समजत होते.

आणि रविवारी इथं सुपरमार्केटं कायद्यानंच बंद. त्यामुळं अंडं, कांदा, मीठ मागायला आजही जिने चढतात-उतरतात माणसं. सदाफुली, तुमच्या रावेतमध्ये आठवड्यातून एक दिवस ॲप बंद ठेवा, बघा काय होतं ते.

लिंबूटिंबू
एक दिवस ॲप बंद ठेवलं तर आमच्या बिल्डिंगीत दंगल होईल.

मिठागर
मोठ्या संकटात मागावं लागत नाही, अवघड आहे ते किरकोळ मागणं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी कालिन्याजवळ अडकलो होतो, कमरेएवढं पाणी. एका अनोळखी कुटुंबानं पहिल्या मजल्यावर ओढून घेतलं, लुंगी दिली, रात्री पिठलं-भात. त्या खोलीत आम्ही किती अनोळखी माणसं झोपलो असू देव जाणे. मला त्यांच्याकडं जेवायला जराही संकोच वाटला नाही.

तोच मी, आज समोरच्याकडं स्क्रू ड्रायव्हर मागायला कचरतो. नवीन विकत घेतला. घरात आता चार आहेत. पुरात अडकलेल्याला कुणी 'एवढं कसं जमत नाही तुला' म्हणत नाही, पण स्क्रू ड्रायव्हर नसणाऱ्याला म्हणेल अशी भीती असते.

पावणेआठची_लोकल
@मिठागर, चारातला एक मला द्या, माझा हरवलाय.

निशिगंध
मिठागर यांनी नेमकं बोट ठेवलं. मागच्या वर्षी मिस्टरांची केमो चालू होती. 'काही लागलं तर नि:संकोच सांग हं' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्यांच्यावर राग नाही, मनापासूनच म्हणत होते. पण त्या दिवसांत काय लागतंय हे आठवण्याचीच ताकद नसते. यादी करा, मग त्यातलं कोणतं कुणाला सांगणं बरं दिसेल याचा विचार करा, मग फोन करा. त्यापेक्षा आपणच करून टाकावं वाटतं.

कामाला आले ते वेगळ्याच पद्धतीनं. मिस्टरांचा शाळेतला मित्र, बोलायला अगदी तुसडा. त्यानं विचारलंच नाही. मंगळवारी दुपारी डबा घेऊन हजर. 'मुगाची खिचडी आहे, फोडणी नाही, जिरं नाही. खाल्ली नाही तर मी खाईन, इथंच बसलोय. तू घरी जाऊन डोकं धू.' डोकं धू म्हणाला, झोप म्हणाला नाही. माझ्या केसांकडं बघून कुणाला तरी कळलं होतं. मी दोन तासांनी परत आले तर दोघं क्रिकेटवरून वाद घालत होते आणि खिचडी खरंच त्यानंच संपवली होती. पुढचे सगळे मंगळवार त्याचे.

त्याच्या डब्याला झाकण वेगळ्याच डब्याचं होतं, रबर बँडनं बांधलेलं. मी ते बदलून नवं दिलं तर चिडला.

बोरिवली_स्लो
निशिगंध, आता कसे आहेत?

निशिगंध
बरे आहेत. तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. मंगळवारी मित्र अजून येतो, आता जेवायला.

अवलिया
मी वर माळ्याचं बोललो त्यावर ठाम आहे. पण निशिगंध यांच्या प्रतिसादातल्या मित्राला ताशी दर लावता येणार नाही हे मान्य.

मांडवीकर
गोंयांत आमच्या वाड्यावर अजून बरंच शिल्लक आहे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो. शेजारची माणसं घरी नसली तर त्यांचे उंडे आपण घ्यायचे, संध्याकाळी द्यायचे, पैसे कधीतरी. चवथीला आमच्याकडच्या नेवऱ्यो शेजारच्या ख्रिश्चन घरी जातात, नाताळात त्यांच्याकडून कुस्वार, म्हणजे त्यांचा फराळ, येतो, त्यात दोदोल असला की आमच्या पोरांची मारामारी. आणि हो, एकमेकांची किल्ली कुठं असते हे दोन्ही घरांना माहीत आहे. कुठं ते @तिरकस यांच्यासारखं इथं सांगणार नाही.

अर्थात नवीन वसाहतींतले फ्लॅट वर्षाचे दहा महिने बंद असतात. तिथं कुंडीच नाही तर पाणी कोण घालणार.

भटकभवानी
कुंड्यांवरून आठवलं, मूळ प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. सदाफुली, जाड सुती दोरी घ्या. बादलीत पाणी भरून कुंड्यांपेक्षा थोडी वर ठेवा. दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत बोटभर खोल. वातीसारखं पाणी ओढलं जातं. कढीपत्ता आणि मोगरा दहा दिवस सहज काढतील. सोनटक्क्याला मात्र पाणी फार लागतं, त्याची कुंडी पाण्यानं भरलेल्या घमेल्यात ठेवा. डास होणार नाहीत हे बघा.

मिठागर
भाद्रपदात पाऊस असतोच. कुंड्या नुसत्या कठड्याकडं सरकवल्या तरी चालतील.

भटकभवानी
@मिठागर, वर दुसऱ्या मजल्याची बाल्कनी असली तर थेंब येत नाही. अनुभव आहे.

कुंदा
मला वेगळंच वाटतंय. सोनटक्का ऐन गणपतीतच फुलतो. दहा दिवस फुलं येणार आणि वास घ्यायला घरात कुणी नाही. पाणी घालाल का विचारू नका, 'आमची फुलं तुमच्या गणपतीला घ्याल का' असं विचारा. मागणं पण झालं, देणं पण झालं.

कोल्हापूरचा_ठसका
कुंदाताई, हा खरा पैरा.

आप्पा_निवृत्त
मी ७६ वर्षांचा आहे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. पत्नी गेल्यापासून एकटा राहतो. मुलगा बंगळूरला. माझी एक किल्ली वॉचमनच्या बायकोकडं आणि एक सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्राकडं आहे. आमचा नियम असा की सात वाजेपर्यंत कट्ट्यावर कुणी दिसला नाही आणि आदल्या दिवशी सांगितलं नसेल तर फोन करायचा. दोनदा वाजून उचलला नाही तर किल्ली घेऊन घरी जायचं. एकदा असे तिघं जण माझ्या घरात शिरले, मी शॉवरखाली होतो. आरडाओरडा झाला. पण राग आला नाही.

मदत मागण्याविषयी म्हणाल तर नोव्हेंबर महिना आमची परीक्षा असते. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही केली की झालं. २०१४ पासून आधारवर आधारित डिजिटल दाखला आला, सोय चांगली आहे, पण म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ओळखतच नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो म्हणतात. आमच्यातल्या एकालाच तो जमतो, निवृत्त ड्रॉइंग मास्तर आहे. सगळ्यांना रांगेत बसवतो, 'हनुवटी वर, डोळे मिचकाव' करतो. गेल्या वर्षी त्याच्या घरी चहा-पोह्यांसकट दाखल्यांचं शिबिरच झालं. माझाच तेवढा झाला नाही, चष्म्यावर उजेड चमकत होता.

ठोंब्या
आप्पा, तिघं जण शिरले तो किस्सा स्वतंत्र धाग्याचा आहे.

अवांतर
आप्पांच्या 'सात वाजेपर्यंत दिसला नाही तर फोन' या नियमाला कुठल्याही ॲपनं हात टेकावेत. ब्रिटननं २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ मध्ये. कट्टा मात्र त्यांना सरकारी आदेशानं काढता येईना.

सदाफुली
बातमी! काल धीर करून समोरचं दार वाजवलं. कुंदाताईंचं वाक्य जसंच्या तसं फेकलं. बाई चकितच झाल्या. त्यांच्याकडं गौरी बसतात, आणि सोनटक्का बाजारात वेळेवर मिळत नाही म्हणून दरवर्षी त्यांची चिडचिड होते. नाव सांगितलं, मूळ गाव सांगितलं, आणि मग म्हणाल्या, 'बरं झालं तुम्हीच आलात, आम्ही दिवाळीत जाणार आहोत, कुत्र्याचं काय करायचं म्हणून मी कधीची तुमच्याकडं बघतेय.' @अवलिया, तुमची मांजर आली बघा.

किल्ली अजून दिलेली नाही. घरच्यांचं मत पडलं की पहिल्याच भेटीत नको. भटकभवानी, दोरीही आणून ठेवली आहे.

अवलिया
सांगितलं होतं. :)

उंबरठा
सदाफुली, छान झालं. कुत्र्याचे फोटो टाका.

तिरकस
गमबूट बदलले आहेत. कृपया नोंद घ्यावी.

सायली_कोथरूड
@आप्पा_निवृत्त, काका, तुम्ही पुण्यातच का? टेकडीचा उल्लेख आहे म्हणून विचारते. मी कोथरूडला असते. चेहऱ्याचा दाखला माझ्या आजीचा मीच करते, खिडकीकडे तोंड करून बसायचं, चष्मा काढायचा, वरचा दिवा बंद करायचा, पाच मिनिटांत होतो. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना ८० च्या पुढे १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तुम्हाला नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागेल. एखाद्या रविवारी येऊन तुमच्या सगळ्या कट्ट्यालाच शिकवते. फोन नंबर इथं उघड टाकू नका, मी तुम्हाला व्यनि केलाय.

आप्पा_निवृत्त
फार आनंद झाला. ड्रॉइंग मास्तरांनाही कळवतो, त्यांना थोडं वाईट वाटेल. पोहे ते करतीलच. व्यनि म्हणजे काय आणि तो कुठं दिसतो?

लिंबूटिंबू
आप्पा, व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप. वर उजव्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र आहे, त्यावर टिचकी मारा.

आप्पा_निवृत्त
मारली. त्यात २०१९ पासूनचे ४१ निरोप आहेत.